कुलपी गोळा

वहीच्या पहिल्या पानावर:
कोंडिबा उतेकर, बामणोली. वजन सात किलो दोनशे.
बदल्यात पत्र्याचा नवा डबा, झाकणासकट.
मे महिन्यात धरण मागे सरलं,
गाळपेरीला औत धरलं तेव्हा फाळाला लागला.
त्याला वाटलं, बुडालेल्या गावातलं कुणाचं तरी वजनमाप.

एस.टी.च्या वर्कशॉपात एकतीस वर्षं टर्नर होतो मी.
लोखंड गोल व्हायला किती कुरकुरतं
हे माझ्या मनगटांना विचारा.
म्हणून असेल,
हातात घेतल्यावर आधी बोट फिरलं ओतकामाच्या शिवणीवरून,
आणि मनात आलं: कारागीर हुशार होता.
लढाई नंतर आठवली.

मग बादली, धुण्याचा सोडा, जुना चार्जर,
तीन दिवस बुडबुडे.
गंज काळ्या सायीसारखा वर येतो.
रशीदा म्हणायची, पोरांचे युनिफॉर्म कशात भिजवू आता?
तिच्यासाठी दुसरी बादली आणली, निळी.
तीही गेली.

दप्तरातला शब्द आहे, कुलपी गोळा.
पोकळ. पोटात दारू, तोंडाशी लाकडाची खुंटी,
खुंटीच्या आत मोजून कापलेली बत्ती:
इतकी बोटं, म्हणजे इतके श्वास.
गरनाळीतून सुटला की आधी आभाळाकडे जायचा,
जणू त्याचं खाली कुणाशी काहीच नाही.

अठराशे अठराचा चैत्र.
समोर वासोटा, वर कारवी, धूर.
पुढचं मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहेत वजनं.

एक सापडला कोंबड्यांच्या डालग्यावर,
मुंगसानं उलथू नये म्हणून ठेवलेला.
एक मीठ फोडायला, तीन सुनांच्या हाताखालून गेलेला,
एका अंगानं आरशासारखा.
अंधारीच्या वाटेवर एक शेंदूर लावून बसलाय.
गुरवीण म्हणाली, ‘द्येव हाय. काट्यावर न्हाई चढायचा.’
वजनाच्या रकान्यात लिहिलं: देव.

अकरा झाले तेव्हा कपाटाला काच लावली.
बघायला माणसं यायला लागली,
जावळीतून, पोवई नाक्यावरून, एकदा तर कलेक्टर ऑफिसातला शिपाई.
सगळे हात लावून विचारायचे, किती रुपये येतील?

हौसाबाई संकपाळ आली, तिनं हात लावला नाही.
चष्मा पुसून एकेकापुढे उभी राहिली
आणि म्हणाली,
‘मिस्तरी, ह्यातलं फुटलं किती?’
एकही नाही, मी म्हटलं. जरा ऐटीतच.
‘मंग फुटल्यालं कुटं हाईत?’

टर्नरला कुणी असं विचारत नाही.
वर्कशॉपात बिघडलेला माल कोपऱ्यात टाकायचा,
चांगला माल गाडीला बसून निघून जायचा.
मी कोपरा जमवत होतो इतकी वर्षं.

तिनं पदराची गाठ सोडली.
बोटभर तुकडा, जाड, एका बाजूला अजून थोडा बाक.
बांधावरचा आंबा पाडला तेव्हा
सॉ मिलमध्ये करवतीचे चार दात गेले.
झाडानं तो गिळला होता,
वर फळी चढवली होती, दर साली एक.
‘आंबा गोडच हुता,’ ती म्हणाली. ‘त्येला ठेव तुज्यात.’
डबा दिला तर घेतला नाही.

काट्यावर ठेवला. काटा हलला नाही.

मागच्या पडवीत आणखी एक आहे, वहीत नसलेला.
खुंटी जागच्या जागी, तोंड बंद.
तो मी उघडला नाही, घासला नाही,
रशीदाच्या निळ्या बादलीत बुडवून ठेवलाय.
पोलिसांना कळवलं. मंगळवारी येतो म्हणालेत,
दोन मंगळवार गेले.
ऊन फार आहे, पाणी उडून जातं,
त्याचं टाळकं वर दिसायला लागतं.
सकाळी चहाच्या आधी
मी त्याला एक तांब्या घालतो.